भावाच्या आवडीची फसलेली कादंबरी

ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून साचे यायचे, ती मेणात एकेक दात बसवायची. धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दोघांचीही लग्नं राहून गेली. घर एक आणि वेडही एकच, एका रहस्यकथाकाराच्या कादंबऱ्यांचं.

भाऊ नाहीसा होऊन एकोणीस दिवस झाले होते. त्याच्या आदल्या दिवशी कामावर त्याने चुकीच्या वेळी लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेल्या त्याच्या कामातल्या जोडीदाराचा कणा मोडला. चौकशीत भाऊ चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या सकाळी फोन घरी ठेवून निघून गेला.

"बाई, मोठा माणूस आहे, येईल," पोलीस म्हणाले. तिने लॉज पालथे घातले, शवागारात दोनदा जाऊन आली. कामात लक्ष लागेना. एका आजोबांच्या खालच्या कवळीत तिने वरचे दात बसवले.

विसाव्या दिवशी भावाच्या खोलीत तिला त्या लेखकाची अगदी सुरुवातीची, कुणाला फारशी ठाऊक नसलेली कादंबरी दिसली. कॉलेजात असताना तिने ती नाक मुरडून बाजूला टाकली होती. आताही तशीच वाटली. संवाद लाकडी, खुनी तिसऱ्याच प्रकरणात कळतो. आणि तो पळून लांब जात नाही. ज्याला जखमी केलं त्याच्याच घराभोवती घुटमळतो.

"इतका बावळट कोण असतो?" ती तेव्हा हसली होती.

भाऊ चिडला होता. "ताई, त्यात तेवढंच खरं आहे."

हाताला लागलेलं मेण न पुसताच ती जोडीदाराला ठेवलं होतं त्या रुग्णालयात धावली. जोडीदाराच्या बायकोने तिला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"माझा भाऊ इथे येतो का?"

बायकोने खिडकीकडे बोट केलं. "खाली बसतो. रोज. वर यायची हिंमत नाही."

"मला कळवलं का नाहीत?"

"का कळवू?"

ती जिना उतरून खाली गेली.

तो नळाजवळच्या कट्ट्यावर होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बहिणीला बघून तो दचकलाही नाही.

"ताई, तो चालेल ना गं?"

लहानपणापासून ती त्याची समजूत घालत आली होती. या वेळी जीभच वळेना.

"नाही रे. डॉक्टर नाही म्हणतात."

तो तिच्या खांद्यावर कोसळला आणि लहान मुलासारखा ओरडून रडला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तिने त्याला घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं वर गेले. जोडीदाराने भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊ तरी जात राहिला. पाचव्या खेपेला जोडीदार एवढंच म्हणाला, "उशी सरकव."