माझ्या दंडावर न उठलेली देवी

सोलापूरला उतरलो ते शेंगाचटणीचे बेत करतच. मागांच्या खटखटाटातून टांगा गल्लीत शिरला आणि माझा विणकर मित्र नरसय्या दारातच म्हणाला, "शेजारी अम्मवारू (देवीचा रोग) आलीय. परत जायचं तर जा."

गेलो नाही. धाडसापेक्षा भूक मोठी होती.

आत वेगळीच लढाई चालली होती. नरसय्याची बायको लक्ष्मम्मा तान्ह्या पोरीला लस टोचून घ्यायला हटून बसली होती. थोरला मुलगा देवीनेच गेला होता. सासू राजम्मा म्हणत होती, "दारात नसलेल्या देवीला आपणच बोलवायचं?"

"एक पोरगं दिलंय, अत्ता (सासूबाई). हिला देणार न्हाय."

मला व्याख्यानाची उबळ आली. "एवढ्याशा ओरखड्याला काय भ्यायचं? आधी मला टोचा." आणि गल्लीत लस टोचत फिरणाऱ्या देवी डॉक्टरापुढे उजवा दंड केला. राजम्माने लगेच अट घातली: पाहुण्याला फोड आला, तरच पोरीला.

दंडाला थोडी खाज सुटली, लाली आली आणि गेली. रोज सकाळी शेजारणी येत. "पावनं, हात दाखवा की." मी दाखवी, त्या हसत. राजम्मा म्हणाली, "लस कसली, पाणी हाय." लक्ष्मम्मा माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचे बरोबरच होते. शेजारच्या घरातला रोग माझ्या दंडासाठी थांबणार नव्हता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आले. "डावा दंड बघू." बाही वर केली, तर लहानपणीचे ठसठशीत वण! ते मला आठवलेच नव्हते.

"यांना आधीच टोचलंय," डॉक्टर म्हणाले. "देवीशी एकदा ओळख झाली की शरीर तिला सहसा आत घेत नाही. म्हणून फोड नाही. पोरीला हेच मिळवून द्यायचंय."

राजम्माने आपल्या देवीच्या वणांनी भरलेल्या गालावरून हात फिरवला. "नातवाला शेवटपर्यंत मांडीवर घेतलं हुतं मी. मला काय झालं न्हाय." तिने मांडी घातली. "आण पोरगी हितं. मीच धरते."

पोरीच्या दंडावर टपोरा फोड उठला. पण राजम्माच्या लेखी फोड म्हणजे देवीच घरात बसली. फोडणी बंद, तिखट बंद. "खपली पडू दे की," राजम्मा म्हणाली आणि दहीभात वाढला. चटणीचे बोटही न चाटता मी गाडीत बसलो.

घरी येऊन आईला विचारले, "मला टोचलं तेव्हा मी रडलो होतो का?"

"रडलास कसला, डॉक्टरला चावलास," आई म्हणाली. "तरी मी हात सोडला नव्हता."