कॅनवरची बारीक अक्षरे

ज्या रविवारी माझ्या मुलीच्या छातीत धडधड सुरू झाली, त्या रविवारी सकाळीच मला ठाऊक होते की असे होऊ शकते. मी बोललो नाही. पुढचे जवळजवळ दहा महिने ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नाही, आणि त्या काळात माझ्या धाकट्या भावाला त्या धडधडीसाठी दोषी धरले जात असताना मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

माझे कसबा पेठेत औषधांचे दुकान आहे. तीस वर्षे काउंटरच्या आत उभा राहिल्यामुळे हातात येईल त्या वेष्टनावरचे बारीक छापलेले वाचायची मला खोड लागली आहे. घरी बिस्किटांचा पुडा आला तरी मी तो आधी उलटा करून पाहतो. "अहो, तो खायचाय, त्यावर परीक्षा नाही द्यायची," असे पत्नी म्हणते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत कॅफिन असते, त्या देताना "यावर चहा-कॉफी बेतानं घ्या" हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघते. गिऱ्हाईक वळून चालू लागले तरी मी ते त्याच्या पाठीला ऐकवतो. त्या सकाळी मात्र ते निघाले नाही. ते न निघण्यासाठी मला ओठ घट्ट मिटून धरावे लागले होते.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. संगणकाच्या कंपनीत नोकरी, लग्न केलेले नाही, कर्वेनगरला एकटा राहतो. दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे येई. तो आला हे मला बेलवरून कळत नसे, मुलीच्या हसण्यावरून कळे. ती तेव्हा विशीत नुकतीच आली होती. मला ती "अहो बाबा" म्हणते, त्याला "ए काका". लहानपणी कोणी शिकवले नव्हते, तिचे तिनेच तसे ठरवले. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, असे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे. पण मी घरात शिरलो की तिच्या मोबाइलचा आवाज कमी होई आणि तो शिरला की वाढे, हे मी ऐकत होतो.

ती चौघांच्या संघात एक लढाईचा खेळ खेळत असे. खेळ मोबाइलवरचा, पण संघ खरा, सराव खरा, स्पर्धाही खऱ्या. भाऊ तिच्याशी त्याच भाषेत बोले. "डावीकडून कव्हर दे," "आता नको, थांब, झोन येऊ दे," असे दोघांचे चाललेले असताना मी डाळिंब सोलून वाटी घेऊन दारात उभा राही. "ठेवा ना बाबा तिथे," असे ती मान वर न करता म्हणे. मी ठेवत असे. अर्ध्या तासाने वाटी रिकामी दिसे, आणि दाणे बहुधा त्यानेच खाल्लेले असत.

एकदा मी तो खेळ माझ्या फोनवर गुपचूप घेतला. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा पंधरा दिवस सराव केला आणि एका रविवारी धीर करून म्हणालो, "मीही येऊ का?" ती खरोखर आनंदली. तीन मिनिटांत मी कुठेतरी अडकलो.

"अहो बाबा, भिंतीकडे तोंड करून गोळ्या झाडताय तुम्ही!"

"दादा," भाऊ म्हणाला, "गोळ्या तू आपल्या काउंटरवरच देत जा."

दोघे इतके हसले की पत्नी स्वयंपाकघरातून पाहायला आली. मीही हसलो. फोनवरून तो खेळ मी त्याच संध्याकाळी काढून टाकला, आणि त्या हसण्याचा राग मात्र जपून ठेवला. थट्टेत काही विखार नव्हता. तो सारा माझ्या बाजूला होता.

एनर्जी ड्रिंकचे ते कॅन घरात आणले भावानेच. त्याच्या ऑफिसात कामाचा ताण वाढला की सगळे ते पितात, असे तो सांगे. सरावाला बसताना तो दोन कॅन टेबलावर ठेवी, एक तिला, एक स्वतःला. पहिल्याच दिवशी, तो हात धुवायला गेला असताना, मी सवयीने कॅन उचलून फिरवला. कॅफिनचे प्रमाण जास्त, असे त्यावर लिहिले होते. दिवसाला किती प्यावे याची मर्यादा होती. आणि हे पेय लहान मुले, गरोदर व स्तनदा माता, कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती आणि खेळाडू यांच्यासाठी नाही, असेही होते. खेळाडू हा शब्द मी दोनदा वाचला. तेवढ्यात भाऊ परत आला.

"काळजी करू नकोस दादा, यात साखर शून्य आहे."

"मी कुठे काय म्हणालो?" मी म्हणालो आणि कॅन होता तसा ठेवला.

साखर नसली म्हणजे निर्धोक, एवढाच त्याचा हिशेब होता. हीच समजूत करून घेतलेले लोक मला दुकानात रोज भेटतात आणि मी त्यांना न कंटाळता समजावतो. सख्ख्या भावाला समजावले नाही. त्याचे काहीतरी चुकते आहे, हे एकट्या मला दिसत होते, आणि त्यात मला सुख होते. कधीतरी ते तिलाही दिसेल, याची मी वाट पाहू लागलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. आठवडाभर तिची झोप अपुरी झाली होती आणि त्यात सर्दी. सकाळी मी तिला गोळी दिली आणि दुपारसाठी आणखी एक कागदात गुंडाळून हातात ठेवली. त्या गोळीत कॅफिन होते आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे, छातीची धडधड वाढवू शकणारे दुसरेही एक औषध होते. भाऊ तिला न्यायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत कॅन दिसले. मी ते पाहिले, हे त्यानेही पाहिले. माझे नेहमीचे वाक्य ओठांपर्यंत आले होते. ते मी गिळले. तिला काही व्हावे असे मला वाटत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. थोडे व्हावे, असे वाटत होते. पोटात ढवळावे, डोके दुखावे, आणि तिने कॅन बाजूला सारून म्हणावे, "काका, नको तुझं हे."

सभागृहात मी भावाच्या शेजारी बसलो होतो. समोर मोठा पडदा होता, मुले ओरडत होती. पडद्यावर काय चालले आहे, ते भाऊ मला कौतुकाने समजावून सांगत होता. घाईत तिने जेवण टाळले होते. तिचा दुसरा कॅन संपला, तिसरा उघडला गेला. तिची बोटे थरथरत होती, गुडघा एकसारखा हलत होता.

"बघ दादा, कसली चार्ज झालीये!" भाऊ म्हणाला.

ही मुले त्या थरथरीलाच तरतरी समजतात. मला फरक कळत होता. मी उठू शकलो असतो. पडद्याकडे पाहत राहिलो.

मग तिने कानांवरचा हेडफोन उतरवला, तळहात छातीवर ठेवला आणि प्रेक्षकांकडे वळून हाक मारली, "काका!"

त्या क्षणी बापाच्या मनात काय यायला हवे? माझ्या मनात आधी एवढेच आले, की तिने मला हाक मारली नाही.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढला, तास-दोन तास झोपवून ठेवले. "हृदयाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "झोप नाही, पोटात अन्न नाही, आणि वर एवढं कॅफिन. धडधडणारच. आणखी काही औषध घेतलं होतं का?"

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेले आणि हलक्या आवाजात गोळीचे नाव सांगितले. दुपारची गोळीही तिने घेतली होती. मी काय करतो, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"मग हे दोन्ही एकत्र नको, हे मी तुम्हाला सांगायला नको."

एवढेच बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. मी आत आलो तेव्हा घरून धावत आलेली पत्नी भावाशी बोलत होती.

"भाऊजी, तुम्हाला हौस म्हणून तिच्या जिवाशी खेळ कशाला?"

"चुकलं वहिनी. माझंच चुकलं. मी वाचलंच नाही त्यावर काय लिहिलंय ते."

मी मुलीच्या पायांवरची चादर नीट केली.

भावाचे रविवारचे येणे थांबले. मुलीने संघ सोडला. मला जे हवे होते ते सारे मिळाले. रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर मंडईत येऊ लागली. पिशवी धरून माझ्या शेजारी चालताना ती दर थोड्या वेळाने थांबे आणि दोन बोटे मनगटावर टेकवून नाडी पाही. आधी मला वाटले, चार दिवसांत सुटेल. सुटले नाही. जिना चढताना मध्येच थांबणे, मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जायला नको म्हणणे, चहासुद्धा बंद. एकदा मेथीची जुडी निवडता निवडता तिने विचारले, "अहो बाबा, माझं हार्ट मुळात वीक असेल का? काकाने पण तेवढेच कॅन घेतले होते त्या दिवशी. त्याला कुठे काय झालं?"

उत्तर माझ्या खिशात असल्यासारखे जवळ होते. "मेथी कोवळी बघ," मी म्हणालो.

दर वर्षी आमच्या घरच्या गणपतीची आरास भाऊ आणि मुलगी मिळून करीत. चार दिवस आधीपासून पुठ्ठे, खळ, कात्र्या आणि दोघांची भांडणे यांनी बाहेरची खोली भरून जाई. या वर्षी मी बाजारातून तयार मखर आणले. भाऊ दुसऱ्या दिवशी दर्शनाला आला, पाहुणे येतात तसा, पेढ्यांचा पुडा घेऊन. नमस्कार करून खुर्चीच्या कडेवर बसला. मुलीने विचारले, "कॉफी ठेवू, काका?"

"नको गं. पाणी दे."

पाणी पिऊन तो उठला. दाराशी थांबून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि मध्येच आवरून म्हणाला, "आता धडधडत नाही ना? माझ्यामुळे झालं गं सगळं. विसरत नाही मी."

तिची दोन बोटे मनगटावर गेली. ते त्यानेही पाहिले आणि त्याने मान खाली घातली.

दोघांच्या मध्ये मी आरतीचे तबक धरून उभा होतो. ते मी खाली ठेवले. वाजले एवढ्या जोरात, की पत्नी बाहेर आली.

"थांब," मी भावाला म्हणालो. "चप्पल घालू नकोस. आधी ऐक."

आवाज माझा नेहमीचाच हळू होता, म्हणून सगळे जवळ आले.

"तुझं हृदय ठणठणीत आहे," मी मुलीला म्हणालो. "काकाला काही झालं नाही, कारण त्यानं सर्दीच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. तू घेतल्या होत्यास. त्या मी दिल्या होत्या. त्यात काय आहे ते मला माहीत होतं, याच्या पिशवीत कॅन आहेत तेही मी पाहिलं होतं, आणि कॅनवरचं तर फार आधीच वाचलं होतं. यानं वाचलं नाही. मी वाचून गप्प बसलो. तू याला आधी हाक मारतेस, ते मला सहन होत नव्हतं म्हणून. डॉक्टरांना मी बाहेर नेऊन सांगितलं, तुम्हाला सांगितलं नाही. दहा महिने हा माझी चूक डोक्यावर घेऊन फिरला आणि मी फिरू दिलं. तुला तुझ्याच छातीची भीती वाटत राहिली, तीही मी वाटू दिली. माझं चुकलं. बाळा, मला क्षमा कर. आणि तूही कर रे. मोठा असून मी तुझ्याशी फार लहान वागलो."