जास्त धोक्याच्या गटातला माणूस

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचा ब्रश जितका सफाईदार, तितकीच जीभही सैल. यकृतातली कॅन्सरची गाठ काढली तेव्हा शेजारच्या खाटेवर एक गवंडी होता, त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं. दोघांची पोटं शिवलेली, हसायची चोरी. तरी पेंटर काहीतरी बरळायचाच आणि गवंडी पोटाशी उशी दाबून म्हणायचा, "गप बस रे बाबा, टाके उसवतील!"

घरी गेल्यावर काही आठवड्यांनी दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं. काढलेल्या गाठींचे तुकडे डॉक्टरबाईंनी एका नव्या चाचणीला पाठवले होते.

"रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकं आम्ही गाठीत तपासतो," त्या पेंटरला आणि त्याच्या बायकोला म्हणाल्या. "त्यावरून आजार उलटण्याचा अंदाज येतो. तुमच्या गाठीत लढणाऱ्या पेशी पोचल्यात, पण थकून बसल्यात. तुम्ही जास्त धोक्याच्या गटात येता."

"म्हणजे पहारेकरी आहेत, पण घोरतायत?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हा गटाचा अंदाज आहे. एकट्या माणसाचं भविष्य त्यात दिसत नाही."

गवंड्याचा निकाल चांगला आला होता. बाहेर बाकावर ते सांगताना त्याने मान खाली घातली, जणू कुणाच्या ताटातलं उचललंय.

त्या दिवसापासून पेंटरने अंथरूण धरलं. दुखत काहीच नव्हतं. मोठी कामं त्याने परतवली, ब्रश डब्यात वाळून खडखडीत झाले.

"मरायच्या आधीच मेल्यासारखे काय वागता?" बायको चिडायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. गवंडी मात्र येऊन त्याला ओढून फिरायला न्यायचा.

मग गवंडी यायचा थांबला. पेंटर त्याच्या घरी गेला, तर त्याचे डोळे पिवळे झालेले. आजार उलटला होता, आणि झपाट्याने. सगळ्या तपासण्या वेळेवर केल्या होत्या, औषधं चुकवली नव्हती. कमी धोक्याच्या गटातही काहीजण जातात, त्यात तो गेला.

पेंटर सांत्वनाला गेला तेव्हा गवंड्याची बायको दारातच उभी होती.

"तुमचा रिपोर्ट वाईट होता ना?"

"हो, वहिनी."

"मग तुम्ही कसे..."

पुढचं तिने गिळलं. आत न जाताच तो परत फिरला.

त्यानंतरच्या तपासणीत त्याच्या यकृतावर एक डाग दिसला. ते ऐकून त्याला आधी अपराधातून सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच भीती वाटली. बायकोचा हात त्याने घट्ट धरला.

शिरेतून औषध सुरू झालं. लागू पडेल की नाही, डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. दुसऱ्या खेपेला वॉर्डच्या दारात गवंड्याची बायको दिसली. पेंटरच्या बायकोने तिला कळवलं होतं. ती खुर्ची ओढून बसली.

"त्या दिवशी मी नको ते बोलून गेले, भावजी."

"नाही हो. मीही स्वतःला तेच विचारतो," पेंटर म्हणाला. "उत्तर मिळत नाही."

ती रडली, त्याने रडू दिलं. औषधाची बाटली रिकामी होईपर्यंत ती आणि पेंटरची बायको त्याच्याजवळ बसून होत्या.