न बुडालेल्यांची साक्ष

गोरक्षसारखा तोंडाळ माणूस गंगेवर दुसरा नव्हता. नोकरी जीवरक्षकाची, पण त्याला पाण्यात उतरलेला फारसा कुणी पाहिला नव्हता. गळ्यात शिट्टी अडकवून वरच्या पायरीवर बसायचा. कुणी शेवाळलेल्या पायरीकडे वळला की आधी शिट्टी, मग तोंड. "ओ टोपीवाले! मरायचं आसंल तर घरी मरा, मागं व्हा!" माणूस दचकून मागे सरायचा आणि फणकारायचा, "मी काही बुडत नव्हतो!" मी, नाना उपाध्याय, हे वाक्य घाटावर मंत्रांपेक्षा जास्त ऐकलंय.

मग त्याच्या खात्यात सुधारणा आली. कामगिरीनुसार पगार. जीवरक्षकाची कामगिरी म्हणजे पाण्यातून बाहेर काढलेली माणसं. गोरक्षच्या घाटावर कुणी बुडतच नव्हतं, तेव्हा त्याला शून्य गुण. वेतनवाढ बंद. पुन्हा शून्य पडलं तर बदली, कळवणच्या गोदामात जुनी जाकिटं राखायला. त्याची बायको कुसाबाई घाटावरच फुलं विकते. म्हणजे तिचं दुकान एकीकडे आणि संसार दुसरीकडे. माणूस पार हबकून गेला.

कर्मचारी संघटनेने हरकत घेतली, घोषणा दिल्या, गेटवर ठाण मांडलं. खात्याचे साहेब शांत. म्हणाले, "याच्यामुळे न बुडालेली माणसं हजर करा. गुण देतो."

आम्ही गेलो की! उपाध्ये, फुलवाल्या, नारळवाले, अख्खा टेम्पो भरून. वाटेत द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत अडकलो तरी उत्साह कमी झाला नाही. साहेबांनी एकेकाला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही बुडत होता का?"

आता असं कुणाला विचारतात का? नारळवाला सहादू म्हणाला, "मी? मला काय पोहता येत नाय?" चतुराबाई म्हणाली, "मी काय आंधळी हाय पाण्यात जायला?" मग माझी पाळी. गोरक्षने मला त्या पायरीवरून दोनदा हाकललंय. पण कोटातला माणूस विचारतोय, की पिढ्यान् पिढ्या गंगेवर काढलेला उपाध्याय बुडत होता का! "छे!" मी म्हणालो. टेम्पोभर माणसांत एकही बुडत नव्हता. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

परतताना गोरक्ष म्हणाला, "नाना, तुमी तरी..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी माझा पुतण्या आल्हाद म्हणाला, "मी बुडतो." पट्टीचा पोहणारा. साहेब पाहणीला आले की तो घसरणार आणि गोरक्ष त्याला काढणार, असा बेत ठरला. कुसाबाईने नवऱ्याची शिट्टी आपल्या फुलांच्या टोपलीत लपवली. साहेब आले. आल्हादने पायरीवर पाय ठेवला मात्र, गोरक्ष असा ओरडला की साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा भिंतीला जाऊन टेकला.

"अरे, ठरलं होतं ना आपलं!" मी खेकसलो.

"नाना, तिथं खाली दगड हाय हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

पुन्हा शून्य. गोरक्ष कळवणला गेला.

त्याच्या जागी योगेश आला. शांत, अदबशीर, कुणाला अरे म्हणून बोलायचा नाही. पायरीवर बसून वाट बघायचा. माणूस नीट गटांगळ्या खायला लागला की सूर मारून त्याला बाहेर काढायचा. धडाधड गुण. त्यातला एक गुण मी. नाकातोंडात पाणी, धोतर गंगार्पण आणि काठावर यात्रेकरू टाळ्या वाजवतायत!

योगेशचा सत्कार घाटावरच ठेवला. वाचवलेली माणसं रांगेत उभी केली होती, त्यात मी पहिला. गोरक्ष रजा टाकून आला होता, मागे कुसाबाईच्या टोपलीशी उभा होता. एका हातात माईक, दुसऱ्या हातात शाल घेऊन साहेब फोटोसाठी मागे मागे सरकत होते, नेमके त्या पायरीकडे. योगेश शांतपणे बघत होता.

शिट्टी वाजली. "ओ शालवाले! थांबा! मरायचंय का?"

साहेब जागीच थिजले. मग माईकवर म्हणाले, "मी काही पडत नव्हतो." साऱ्या गंगेवर ऐकू गेलं.

माझं डोकंच फिरलं. "पडत होतात!" मी रांगेतून ओरडलो. "आणि मीही बुडत होतो, दोनदा!"

"पण पडलो का?" साहेबांनी विचारलं.

नव्हते पडले. त्यामुळे गुण नाही. संध्याकाळच्या एसटीने गोरक्ष कळवणला परत गेला. जाताना शिट्टी मुद्दाम टोपलीत ठेवून गेला. आता ती कुसाबाई वाजवते, आणि तिचं तोंड नवऱ्यापेक्षा वाईट आहे.

या खेपेला योगेशला शून्य पडलं. त्याने हरकत घेतली आहे.