मिल्ट्रीच्या ट्रकाले एसी

माणूस बसते त्या जागी थंडी पाहिजे, हे खूळ आमच्या फुलसावंगीकडे कोणी आणलं मले माहीत नाही. आधी ते घरात शिरलं, मग मोटारीत. आता ट्रॅक्टरवाले पोट्टेही काचेच्या डब्यात बसून नांगरतात, अन् खाली उतरले की ऊन लागलं म्हणून घरी जाऊन झोपतात. त्यांच्याशी मी बोलत नाही. बोलून काय उपयोग, डब्यात आवाज जात नाही.

माझा ट्रक मिल्ट्रीचा. लिलावात घेतलेला. मिल्ट्रीनं त्याले वाळवंटात पळवला का बर्फात, हे मले कोणी सांगितलं नाही. पण पत्र्यावरचे पोचे पाह्यले की समजते, त्याचे लाड कोणी केले नव्हते. केबिनच्या छताले एक भोक आहे, माणूस मावेल एवढं, अन् त्यावर झाकण. शिपाई त्यातून अर्धा बाहेर निघून बंदूक घेऊन उभा राहायचा म्हणतात. गाडी घरी आणली त्या दिवशी माझी बुढी, तेव्हा ती बुढी नव्हती, सीटवर उभी राहून त्या भोकातून डोकं बाहेर काढून अख्ख्या पुसदच्या बाजारातून आली. लोक हसले. तिनं पदर दातात धरला अन् कोणाकडे पाह्यलं नाही. मले तशी माणसं आवडतात. आता तशी होत नाहीत.

त्या ट्रकावर मी जन्मभर कापूस वाह्यला. आपला वाह्यला, गावाचा वाह्यला, पुसदवरून दिग्रसच्या जिनिंगले नेला. आमच्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणारे फार. एका खोलीत कापूस, दुसरीत माणसं. उन्हाळा लागला की त्या कापसानं अख्ख्या घराच्या अंगाले खाज सुटते, तरी विकत नाहीत. मग मे महिन्यात सगळ्यांले एकदम घाई होते अन् माझ्या दारात येऊन उभे राहतात. म्हणून या ट्रकाचं खरं काम भर उन्हाळ्यातच पडते.

आता माझ्या गुडघ्यानं क्लच दबत नाही. म्हणून लेकानं ड्रायव्हर ठेवले. ड्रायव्हर कसले, पाहुणे. एक म्हणे खालून इंजिनाची गरमी येते. दुसरा म्हणे पाय भाजतात. तिसरा पुसदले पाणी प्यायले उतरला तो गाडी तिथंच ठेवून गेला. गरमी येते, हे मी नाही म्हणत नाही. पत्रा तापतेच. पण त्याच पत्र्यावर पाय ठेवून मी एवढी वर्षं काढली. ओला दुपट्टा डोक्याले बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा अन् काच खाली करायची. एवढंच. पण या लोकांले कांद्याचा वास येते.

मागच्या उन्हाळ्यात लेक एका भंगारवाल्याले घेऊन आला. त्या माणसानं हातोडी घेऊन माझ्या ट्रकाच्या चेसिसवर ठोकून पाह्यलं. मी खाटेवर बसलो होतो. मले नमस्कारही केला नाही, जसा काही मीही त्याच लोखंडात मोजला होता. तो गेल्यावर लेक म्हणाला, "बाबा, ड्रायव्हर टिकत नाई. केबिनले एसी बसवू, नाई तं याले कापू द्या."

कापू द्या म्हणजे गॅसनं कापायचा अन् तुकडे करून न्यायचा. शिकलेल्या माणसाचं बोलणं असंच असते, दोनच रस्ते दाखवतात अन् दोन्ही आपल्या सोयीचे. मी म्हटलं, एसी लागणार नाही अन् ट्रक कापल्या जाणार नाही. तिसरा रस्ता मी काढतो.

वऱ्हाडात थंडी कशी करतात हे कोण्या कंपनीनं आम्हाले शिकवायची गरज नाही. कूलर सगळ्यांच्या घरी आहे. वाळ्याची ताटी ओली ठेवायची, तिच्यातून वारा येऊ द्यायचा. घरात वारा करायले पंखा लागते. ट्रकाले कशाले पाहिजे पंखा, तो तर स्वतःच पळते. मी छताच्या भोकावरचं झाकण काढलं अन् तिथं पत्र्याचा एक सुपडा बसवून घेतला, तोंड समोर. सुपड्याच्या तोंडात वाळ्याची ताटी. केबिनच्या मागे जो फळ्यांचा फाळका आहे, त्याले वरच्या अंगानं पाण्याची टाकी बांधली अन् नळी ताटीवर आणून सोडली. ट्रक पळेल, वारा सुपड्यात शिरेल, ओल्या वाळ्यातून ड्रायव्हरच्या टाळूवर पडेल. बुढीनं खालून उभं राहून पाह्यलं अन् म्हणाली, "आता आत मासोळ्या सोडा." मी टाकीत पाणी भरलं.

रिकामा ट्रक घेऊन भर दुपारी फिरून आलो. तेव्हा नवा ड्रायव्हर होता, चाळिशीच्या पुढचा, तोंडानं फटकळ. त्यानंही खाली उतरून डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाला, चांगलं आहे. लेकानंही आत डोकं घालून पाह्यलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग कापूस भरला. माझाच होता, वरपर्यंत रचलेला, फाळक्याच्याही वर. ताडपत्री मागून अर्धीच बांधली, कारण समोर टाकी होती अन् तिच्यावरून ताडपत्री येत नव्हती. मी बाजूले बसलो. वाळ्याचा वास सुटला होता, ड्रायव्हर गाणं गुणगुणत होता. पुसदच्या पुढच्या चढावर त्यानं मले तंबाखूही देऊ केली.

दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापूस पाहणारा जो ग्रेडर असते, तो असा चालते जसं काही कापूस त्यानं पेरला. तो वर चढला, समोरच्या बाजूनं कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला अन् दाबला. मग पुन्हा हात घातला. मग त्यानं ती मूठ नाकाले लावली. आजूबाजूले गाड्या लागल्या होत्या, बैलगाडीवाले होते, सगळे पाहत होते.

"काका," तो म्हणाला, "पाणी मारणारे लय पाह्यले. अत्तर मारून आणणारे तुमीच पयले."

सगळं आवार हसलं. कापसाचं वजन वाढावं म्हणून रात्री त्यावर पाणी मारतात अन् सकाळी विकायले आणतात, अशी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांची नावं सगळ्यांले माहीत आहेत. माझं नाव त्यांच्यात कधी कोणी घेतलं नव्हतं.

झालं होतं असं, की ट्रक पळाला की ताटीवरचं पाणी समोर कुठून जाईल, ते उडून मागे जायचं. रिकाम्या गाडीत ते तापलेल्या पत्र्यावर पडलं अन् वाळून गेलं, म्हणून दिसलं नाही. भरल्या गाडीत ते घरापासून दिग्रसपर्यंत कापसावर पडत आलं. मी ग्रेडरले वरची टाकी दाखवली. तो म्हणाला, पाणी मारायले लोक बादली वापरतात, तुमी नळच बसवला. त्या माणसाले समजावण्यात अर्थ नव्हता. ज्याले टाकी दिसूनही समजत नाही, त्याले तोंडानं काय समजणार.

समोरचा सगळा कापूस खाली उतरवून जिनिंगच्या आवारात उन्हात पसरावा लागला. मी त्याच्याजवळ उभा राह्यलो, सावलीत गेलो नाही. येणारा प्रत्येक जण पायाशी वाकून कापूस उचलायचा अन् वास घेऊन जायचा.

परत येताना ड्रायव्हरनं सुपड्याच्या तोंडाले पोतं कोंबलं. घरी आल्यावर म्हणाला, एसी बसत असेल तर राहतो, नाही तर दुसरा माणूस पाहा. लेकानं माझ्याकडे पाह्यलं नाही. त्यानं पाह्यलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सांगितलं, "लाव. पण छत कापायचं नाई."

एसी लावायले दारव्ह्याहून माणूस आला. एरवी घरोघरचे फ्रीज दुरुस्त करते. ट्रकाभोवती एक चक्कर मारून म्हणे, म्युझियममध्ये ठेवा. मी म्हटलं, तुलेही ठेवतील, कामाले लाग. मग छताचं ते भोक पाहून त्याले फार आनंद झाला. म्हणे, छतावर बसणारा एसी येते, बॅटरीवर चालते, त्याले असंच भोक पाहिजे, लोक ते पैसे देऊन कापून घेतात. म्हणजे बंदुकीसाठी केलेल्या जागी त्यानं थंडीचा डबा बसवला. शिपाई जिथून दुश्मन पाहायचा, तिथून आता ड्रायव्हरच्या नाकाले वारा लागणार. बुढी ओट्यावरून म्हणाली, माझी खिडकी गेली. तेवढंच मले पुरे होतं.

पुढचा कापूस भरला तेव्हा मी सोबत निघालो. मले तो ग्रेडर पाहायचा होता. या वेळी ताडपत्री समोरपासून मागपर्यंत घट्ट बांधली, गाठी मी स्वतः मारल्या. केबिनमध्ये बसलो अन् माझ्या बाजूची काच नेहमीसारखी खाली केली, हात बाहेर ठेवला. ड्रायव्हरनं एसी सुरू केला. थोडं पुढे गेल्यावर त्यानं काच वर करायले सांगितलं. मी ऐकलं नाही असं केलं. पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, मले घुसमटते. पुसद दिसायले लागलं तसा त्यानं ट्रक बाजूले घेतला, इंजिन बंद केलं.

"बाबाजी, काच वर घ्या. नाई तं मी इथंच उतरतो."

तो उतरला असता. पाणी प्यायले उतरून गेलेल्या त्या तिसऱ्याचं तोंडही असंच होतं, मी आता ते ओळखतो. मागे काठोकाठ कापूस भरलेला, माझ्या गुडघ्यानं क्लच दबत नाही, अन् भंगारवाल्याची हातोडी अजून मले ऐकू येत होती. मी काच वर घेतली. अर्धी घेतली तर तो पाहतच राह्यला, मग पूर्ण घेतली.

पुढं असं झालं की मले थंडी वाजायले लागली. मे महिन्यात, भर दुपारी. बाहेर बकऱ्या झाडाच्या बुंध्याले चिकटून उभ्या अन् मी आत दुपट्टा अंगावर घेतलेला. पण कमी कर असं मी त्याले म्हटलं नाही. दिग्रस येईपर्यंत म्हटलं नाही.

जिनिंगमध्ये तोच ग्रेडर आला. मले आतून आरशात दिसत होता. त्यानं ताडपत्री सोडवून समोर हात घातला, मधे घातला, मागे घातला, वास घेतला. मग खाली उतरून आमच्या केबिनशी आला. वरच्या डब्याकडे पाह्यलं, हसला, अन् बोटानं काचेवर टकटक केलं. त्याले आत डोकं घालून थंडी पाहायची होती, का अजून एखादी गोष्ट सांगायची होती, देव जाणे. बाहेर घामानं त्याचा सदरा अंगाले चिकटला होता. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, बाबाजी, ते काही तरी बोलून राह्यले, काच खाली करा.

मी दुपट्टा नीट केला अन् समोर पाहत म्हटलं, "राहू दे. थंडी बाहेर जाते."