उघडी तोंडं

मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस भावाकडे आले, तेव्हा घरातल्या माशांची टाकी शेजारच्या सुमनकाकूंवर सोपवली. दिवसातून एकदाच, चिमूटभर, असं दोनदा बजावलं होतं. पण ज्यांनी जन्मभर आग्रह करकरून वाढलं, त्या काकूंच्या हाताला चिमूट कुठली ठाऊक!

आज दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "बघ गं, किती भुकेलेत! सारखे वर येऊन तोंड उघडतात. सकाळपासून चारदा घातलं. थोडी पोळीही कुस्करली."

पाणी दुधाळ झालं होतं. पाचही मासे अगदी वर येऊन आ करत होते.  कुजलेल्या खाण्यानं पाण्यातली हवा संपत आली होती. ते श्वासासाठी तडफडत होते आणि काकू मायेनं त्यांना भरवत होत्या.

"काकू, आता काही घालू नका! आधी अर्धं पाणी बदला!" मी ओरडलेच.

"अगं, पण मागताहेत ना बिचारे!"

उघडं तोंड दिसलं की आपल्याला फक्त घास सुचतो. त्याला दुसरंच काही हवं असेल, हे मनातही येत नाही.

फोन ठेवला. मांडीवर पेजेची वाटी तशीच होती. समोर कॉटवर आई. अर्धांगवायूनं तिची वाचा गेलीय. इथे आल्यापासून मीच तिला भरवतेय, अजून एक, अजून एक म्हणत.

आईनं माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

चमचा उचलायला माझा हात धजेना.