गिरणीची ओटी

चहा घ्या, तोवर माझा एक मूर्खपणा सांगतो. हसायला हरकत नाही. तेव्हा अख्खं वर्कशॉप हसलं होतं.

बाहेरच्या देशांशी धंदा नुकता खुला झाला होता. गुलटेकडीला अण्णांचं पिठाच्या गिरण्या बनवायचं वर्कशॉप, आणि मी तिथला पॅकिंगवाला. आमची गिरणी तोवर लांबात लांब गेलेली बार्शीला. आणि एकदम ऑर्डर कुठून यावी? टांझानियातून! तिथल्या एका बाईंना मका दळायला गिरणी हवी होती. ही पसंत पडली की आणखी दहा. अण्णांनी पेढे वाटले.

घरी शांताला सांगितलं. आम्हाला मूलबाळ नाही. ती अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "समुद्रापार चाललीये पोर. रिकाम्या ओटीनं धाडता?"

"अगं, गिरणी आहे ती!"

"मग? गिरणीला सासर नसतं?"

तिनं पडल्या पडल्या ओंजळभर तांदूळ, हळकुंड आणि खण दिला. खोकं ठोकण्याआधी मी ते गुपचूप धान्य ओतायच्या हॉपरमध्ये ठेवलं.

दोन महिन्यांनी अण्णांनी हाक मारली. "बाबुराव, गिरणी कोरीच होती ना हो?"

"कोरी करकरीत!"

"मग आत दाणे कसले? वापरलेला माल नवा म्हणून विकता, असा फॅक्स आलाय. बाई गिरणी परत पाठवतायत."

मी सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "वा! मग पाठराखीण म्हणून तुम्हीही जायचंत की! आता ओटीला इंग्रजीत काय म्हणू मी?"

तरी त्यांनी लिहिलं बिचाऱ्यांनी. पानभर.

इकडे शांता रोज विचारायची, "पोहोचली का हो?"

"पोहोचली. सासू मायाळू आहे."

गिरणी परत आली तेव्हा शांताला जाऊन बारा दिवस झाले होते. लेक माहेरी आली, आणि घरात आई नव्हती.

तोवर अण्णांचं म्हणणं त्या बाईंना पटलं होतं. पाठवा म्हणाल्या, पण आत काही नको. अण्णांनी मला बजावलं, "एक दाणा जरी सापडला, तरी दहा गिरण्या गेल्या!"

मी एकट्यानं हॉपर साफ केला. तांदळाला टोके लागले होते. खण मात्र तसाच, शांतानं घातलेल्या घडीचा. दिसेना म्हणून चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा ब्रश फिरवला. एक दाणा ठेवला नाही. खोकं ठोकलं.

पुढे दोन महिने मी चाचपडत काढले.

मग फॅक्स आला. अण्णांनी सगळ्यांदेखत वाचला. "गिरणी उत्तम. दाणा एकही नाही. दहा गिरण्या पाठवा. मात्र आत एक चष्मा मिळाला. हीसुद्धा तुमच्याकडची रीत आहे का?"

वर्कशॉपभर हशा. अण्णा तेवढे हसले नाहीत. हळूच म्हणाले, "काय कळवू, बाबुराव?"

"हो म्हणून कळवा," मी म्हणालो.